सोमवार सोडून

बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई तीन-चार महिन्यांनी दिल्लीला परतते, तेव्हा तिच्या सामानात डिंकाचे लाडू असतात, बाळगुटीची पुडी असते, जुन्या साड्यांची मऊ दुपटी असतात. आई मात्र मागेच राहिलेली असते. नागपूरला, साताऱ्याला बाळाला तेल लावायला, धुरी द्यायला, मांडीवर घेऊन झोपवायला दोन-तीन बायका होत्या. इथे सकाळी नवरा ऑफिसला निघाला, दार लागलं, की संध्याकाळपर्यंत बोलायला कुणी नाही.

सरोजिनी नगर, नेताजी नगर, आर. के. पुरम या सरकारी वसाहतींत बदलीवर आलेली अशी कितीतरी मराठी घरं आहेत. आमचंही त्यातलंच. बाबांना सरकारी नियमाने 15 दिवसांची रजा मिळते, आणि ती बहुतेक घरांत बारशाच्या गावाला जाण्या-येण्यातच संपते. म्हणजे आई-बाळ दिल्लीला येतात तेव्हा खरी गरज सुरू होते आणि रजा संपलेली असते.

पूर्वी या वसाहतींत क्वार्टरपुढे मोकळी जागा असायची. हिवाळ्यात दुपारी खाटा बाहेर यायच्या, मटार सोलले जायचे, स्वेटर विणले जायचे. बाळाला कुशीत घेऊन दारात येऊन बसलं की झालं, कुणीतरी बाळाला घ्यायचंच. 2016 मध्ये सरकारने दिल्लीतल्या अशा सात जुन्या वसाहती पाडून नव्याने बांधायचा निर्णय घेतला. सरोजिनी नगर त्यात होतं. आता उंच इमारती आहेत, लिफ्ट आहे, घरं चांगली आहेत. पण नवव्या मजल्यावरची बाई सहज म्हणून उन्हात येऊन बसत नाही. तिला बाहेर पडायचं तर ठरवून पडावं लागतं. आणि ठरवायचं म्हटलं की आपलं सगळं अडतं तिथेच.

आपण सगळ्याच हे करतो, नाही का? बाहेर पडतो ते बाळाच्या कामाने. लस, डॉक्टर, डायपर, ग्राइपवॉटर. स्वतःसाठी म्हणून निघायचं म्हटलं की मनात यादी सुरू होते. कपडे वाळत घालायचेत, बाटल्या उकळायच्यात, तो आत्ताच झोपलाय, उठला तर? मग पुढच्या आठवड्यात बघू म्हणतो. केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या आईला मुलांसाठी म्हणून 730 दिवसांची चाइल्ड केअर लीव्ह आहे, आणि ती असायलाच हवी. मैत्रिणी ती दहावी-बारावीसाठी राखून ठेवतात. दहावी पंधरा वर्षांनी येणार, तिची तजवीज झालेली असते. आजच्या दुपारची मात्र नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. आठवड्यातून दोन तास आईने एकटीने बाहेर जायचं, आणि ते घराच्या वेळापत्रकात दूधवाल्यासारखं, गॅसच्या नंबरासारखं लिहून ठेवायचं. सगळी कामं झाली तर जाईन, असं म्हणून ते कधी होत नाही, कारण तान्हं बाळ असलेल्या घरात कामं कधी होत नसतात.

जायचं कुठे? लांब नको. आमच्याकडे बाजार दाराशी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सरोजिनी मार्केट म्हटलं की कॉलेजच्या मुलींची झुंबड डोळ्यांपुढे येते. पण मला तो बाजार नव्या आईच्या फार कामाचा वाटतो, आणि त्याचं कारण कपड्यांशी आहे. बाळंतपणानंतर कपाट उघडलं की जीव खट्टू होतो. जुन्या जीन्सचं बटण लागत नाही, कुर्ते छातीवर दाटतात, आणि गरोदरपणातले गाऊन घालून घालून विटके झालेले. मग आपण म्हणतो, आधी वजन उतरू दे, मग घेऊ. तोवर सहा महिने, वर्षभर नवऱ्याच्या टी-शर्टवर काढतो. आरशात बघायचंही टाळतो. वजन उतरेल तेव्हा उतरेल हो, पण आजच्या अंगाला आज कपडा नको का? इथे एक्सपोर्टचा उरलेला माल ढिगाने येतो. त्यात पुढून बटणं असलेले सैलसर सुती शर्ट सापडतात, दूध पाजायला अगदी सोयीचे, आणि दर असा की सहा महिन्यांनी अंगाला होईनासे झाले तरी मन खात नाही. एक-दोन शर्ट, एखादी इलास्टिकची पँट, एवढ्यानेही दुपारी दारावरची बेल वाजली तर उघडायला संकोच वाटत नाही.

बाजार सोमवारी बंद असतो. शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या आधी तिकडे फिरकूसुद्धा नये, माणसाला माणूस घासत चालतो. बाबांना ऑफिसला उशिरा जाता येत असेल अशा मंगळवारी-बुधवारी सकाळी दुकानं उघडता उघडता गेलं तर निवांत हात लावून बघता येतं. लांब राहणाऱ्यांना मेट्रोची पिंक लाइन आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये सरोजिनी नगरचं स्टेशन सुरू झालं. लिफ्ट आहे, आणि मेट्रोचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. सिझेरियन झालेलं असेल तर पहिले दीड-दोन महिने जड पिशव्या उचलायच्या नाहीत. डॉक्टर सांगतात तेव्हा आपण हो म्हणतो आणि बाजारात गेलो की पाच किलोची पिशवी खांद्याला लावतो. भाजी त्या दिवशी राहू द्या. भाजी घेतली की ती फेरी पुन्हा घराची झाली.

या बाजारात तान्ह्याला नेऊ नका. गल्ल्या अरुंद, धूळ, गर्दी. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी व्हायच्या असताना तर नकोच. बाबागाडीची चाकं तिथे चालत नाहीत, आणि कडेवर बाळ असलं की आपले दोन्ही डोळे त्याच्यावरच असतात. ती फेरी आपली एकटीची.

मग दुधाचं काय? अंगावर पिणारं बाळ दोन-अडीच तास सहज निघतं. निघण्याआधी पोटभर पाजायचं. जास्त वेळ लागणार असेल तर दूध काढून ठेवायचं. साधारण 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, पण दिल्लीच्या मे-जूनमध्ये कसली 25 अंशांची खोली? सरळ फ्रिजमध्ये ठेवा. आत, मागच्या बाजूला. दारातल्या कप्प्यात नको.

आता खरी अडचण. बाळ रडलं तर?

आपण सगळ्यांनी केलेली एक गोष्ट आहे. बाळाला खिडकीशी नेऊन चिऊ-काऊ दाखवायला सांगतो आणि तेवढ्यात चपला हातात घेऊन मागच्या मागे सटकतो. रडणं ऐकवत नाही म्हणून. हेतू चांगलाच असतो. सात-आठ महिन्यांपर्यंत त्याने फारसं बिघडतही नाही. पण त्यानंतर बाळाला कळायला लागतं की आई खोलीत नसली तरी कुठेतरी आहे, आणि ती कधी येणार हे मात्र कळत नाही. त्याचं सगळं भय तिथे असतं. चिऊ बघून वळतो तर आई नाही. असं दोन-तीनदा झालं की तो चिऊ बघेनासा होतो. आई नुसती न्हाणीघराकडे निघाली तरी पदर धरून बसतो, कारण कोणत्या क्षणी ती नाहीशी होईल याचा त्याला भरवसा उरत नाही. आणि आपण म्हणतो, हल्ली फार चिकट झालाय.

सांगून जावं. शब्द कळत नसले तरी सांगावं. "आई बाजारात जाते, बाबा आहेत, आई येते हं." पापी घ्यायची, टाटा करायचा आणि निघायचं. दारात घुटमळायचं नाही. रडेल. बहुतेक वेळा लिफ्ट खाली पोचेपर्यंत थांबलेलाही असतो, पण ते आपल्याला दिसत नाही, आपण त्याचा रडका चेहरा घेऊनच रस्ताभर चालतो. परत आल्यावर पिशव्या खाली ठेवायच्या आणि आधी त्याला घ्यायचं. "आली बघ आई." दर वेळी तेच शब्द, तोच टाटा. जाणारी आई परत येते, हे त्याला अनुभवानेच कळणार आहे, आणि तो अनुभव त्याला मिळायला आपण जायला तर हवं.

बाबांबद्दलही बोलायला हवं. त्यांना बाळ सांभाळता येत नाही असं नाही, त्यांना एकट्याने सांभाळू दिलेलं नसतं. आपण घरात असलो की लंगोट उलटा बांधला म्हणून टोकतो, डोकं नीट धर म्हणतो. बाहेर असलो तर फोन. झोपला का? किती प्यायला? रडतोय का मागे? त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं की आपण नुसते राखणीला बसलोय. बाळाला कसं झोपवायचं याची बाबांची एक रीत असते. कुणी खांद्यावर टाकून गॅलरीत येरझाऱ्या घालतो, कुणी बातम्या लावून झोपवतो. बाळाला दोन्ही चालतं. आजारपण, ताप असं काही असेल तेव्हा फोन चालू ठेवावाच. एरवी तो पर्समध्ये राहिला तर बरं.

आणि सासूबाई किंवा आई चार दिवस आलेल्या असतील आणि "अगं, ओल्या अंगाने कुठे फिरतेस" म्हणाल्या, तर वाद घालू नये. त्यांनी सव्वा महिना कोपऱ्यातली खोली पाहिली आहे. त्या खोलीत शेक-शेगडी होती तशा जावा-नणंदाही होत्या, बाहेर न जाताही बाई माणसांत असायची. आपल्याकडे खोली तेवढी उरली आहे. हे शांतपणे सांगितलं तर त्यांनाही पटतं. किती तरी सासवा मग स्वतःच "जा, मी बसते" म्हणतात.

बाळाला घेऊन जायच्या जागा वेगळ्या. सरोजिनी नगरहून पुढचंच स्टेशन दिल्ली हाट-आयएनए. 1994 पासून तिथे दिल्ली हाट आहे. आत जायला तिकीट असल्यामुळे गर्दी बेताची, बसायला जागा, जमीन बाबागाडी चालेल अशी, आणि वेगवेगळ्या राज्यांचं खाणं. आपलं बाळ मांडीवर आणि समोर कुणीतरी दुसऱ्याने केलेलं गरम ताट, याचं सुख ज्या बाईने महिनोन्‌महिने गार जेवण उभ्याने जेवलं आहे तिलाच कळेल. मूल दोन वर्षांचं झालं की चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय. तिथली छोटी आगगाडी मुलांना हलू देत नाही. तेही सोमवारी बंद.

बाहेर पाजायचं कुठे, या धास्तीने किती आया घरी बसतात! 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका नऊ महिन्यांच्या बाळाच्या नावाने याचिका झाली होती, सार्वजनिक जागी आयांना पाजायला खोल्या हव्यात म्हणून. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की बाहेर पाजणाऱ्या आईकडे वाईट नजरेने पाहिलं जाऊ नये, आणि अशा खोल्या राज्यांनी कराव्यात. सगळीकडे त्या व्हायला वेळ लागेल. तोवर ओढणी आहे, भिंतीकडे पाठ करून बसायला एखादा कोपरा आहे, आणि शेजारच्या बाकावरची कुणी अनोळखी बाई आहे, जी न सांगता आपल्यापुढे आडोशाला सरकते. दिल्लीच्या बायका हे करतात, मी पाहिलं आहे.

हवेचं मात्र जपा. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी, निघण्याआधी फोनवर हवेचा आकडा बघायची सवय लावून घ्या. 200 च्या वर गेला की हवा सरकारी भाषेतही खराब, 300 च्या वर अति खराब. बाळं आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतात, त्यामुळे अशा दिवशी त्यांना घरीच ठेवलेलं चांगलं. फेब्रुवारी-मार्च दिल्लीत सोन्यासारखे जातात, ते वाया घालवू नका.

एक गोष्ट या फिरण्याने बरी होत नाही, ती वेगळी सांगते. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येणं बहुतेकींना होतं, आपोआप जातं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, किंवा स्वतःला अथवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे, आणि त्यावर इलाज आहे. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगा. सरकारचा टेलि-मानसचा 14416 हा फोन दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तसे टोकाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा, एकटीने राहू नका. आणि बाबांनो, बायको गप्प गप्प आहे, दार उघडायलाही उठत नाही, हे दिसलं तर थकली असेल म्हणून सोडून देऊ नका. तुम्हीच फोन लावा.

बाकीच्या दिवसांसाठी, आपल्याच जिन्यातली, आपल्याच लिफ्टमधली दुसरी आई शोधा. असतेच. गॅलरीत वाळत टाकलेली झबली दिसतात की. ती तमिळ असेल, बिहारची असेल, पंजाबी असेल. बेल वाजवून एवढंच विचारायचं, "मंगलवार को मार्केट जा रही हूँ, चलोगी?" दोघींचे नवरे एकाच घरात दोन बाळं घेऊन बसले तर त्यांनाही सोबत होते.