वैरणीचा कस व ज्वारीची तपकिरी शीर

जनावराचे पोट भरले म्हणजे त्याचे पोषण झाले, असे नव्हे. ज्वारी पक्व होत जाते तसे ताटातील लिग्निन हे काष्ठमय द्रव्य वाढते. ते स्वतः पचत नाहीच, शिवाय सभोवतालच्या तंतूंनाही पचू देत नाही. परिणामी गव्हाण रिकामी होते, पण दूध वाढत नाही. पैदासकारांचे लक्ष मात्र दीर्घकाळ वैरणीच्या वजनावरच राहिले.

अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९२४ मध्ये पानाची मधली शीर तपकिरी असलेला मका आढळला. अशा झाडांत लिग्निन कमी असते. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी रासायनिक प्रक्रियेने हाच गुण ज्वारीत निर्माण केला व १९७८ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. हा गुण अप्रभावी असल्याने संकरित वाणाच्या दोन्ही पालकांत तो असावा लागतो.

परंतु ताटाला ताठ ठेवते तेही लिग्निनच. ते घटले की पीक लोळण्याचा धोका वाढतो व उत्पन्नही बहुधा कमी येते. त्यामुळे दाणा भरेपर्यंत उभ्या राहणाऱ्या रब्बी ज्वारीपेक्षा फुलोऱ्यात कापावयाच्या हिरव्या वैरणीस हा गुण अधिक मानवतो. कोवळ्या ज्वारीतील विषारी घटक मात्र तपकिरी शिरेने नाहीसा होत नाही. कापणीसाठी फुलोऱ्यापर्यंत थांबणे येथेही आवश्यकच आहे.