जीव घाबरा होतो तेव्हा

मंडळीतील अभ्यासाकरिता पाठ. वाचन : १ राजे १९:१–२१



झरी जामणी तालुक्यातील एखाद्या वस्तीवरील हे चित्र मनापुढे आणा. कापसाची वेचणी चालू आहे, भाव उतरला आहे आणि देणे तसेच उभे आहे. रात्री घरधनी अंथरुणावर पडतो आणि एकाएकी त्याची छाती धडधडू लागते. श्वास पुरेनासा होतो, अंगास घाम सुटतो, बोटांना मुंग्या येतात. "माझा जीव घाबरते, मी आता मरतो," असे तो म्हणतो. अर्ध्या घटकेत सर्व ओसरते; परंतु त्या रात्रीपासून "पुन्हा होईल काय?" हे भय त्याच्या घरात वस्तीस येते.

शेजारी म्हणतो, ही बाहेरची बाधा आहे, भगतास बोलवा. मंडळीतील बंधू म्हणतो, याचा विश्वास उणा पडला. हे दोघेही चुकतात. दुसरी चूक आपल्याच हातून घडत असल्यामुळे तिचा विचार आधी करू.

एलीया संदेष्ट्याचे उदाहरण पाहा. कर्मेल डोंगरावर तो एकटा सर्वांपुढे उभा राहिला. आणि लागलीच पुढच्या अध्यायात ईजबेलीच्या धमकीने भयभीत होऊन तो रानात पळाला व झाडाखाली बसून त्याने मरण मागितले. त्याचा विश्वास नाहीसा झाला होता असे कोण म्हणेल? देवाने त्यास काय दिले ते क्रमाने पाहा. प्रथम झोप दिली. मग दूताचा स्पर्श, भाजलेली भाकर व पाणी दिले. आणि पुन्हा झोप दिली. बोध व पुढील कार्य ही त्यानंतर आली, आणि शेवटी अलीशा हा सोबती मिळाला. देवाने त्यास भित्रा म्हणून दूर लोटले नाही. मग आपण आपल्या बंधूस का लोटावे?

आता शरीरात काय घडते ते समजून घेऊ. रानात वाघ समोर आला असता देह क्षणात पळावयास सिद्ध होतो. रक्तात अॅड्रेनलिन नावाचा रस उतरतो, हृदय वेगाने चालते, श्वास जलद होतो. ही देवाने आपल्या रक्षणार्थ दिलेली योजना आहे. पॅनिक अटॅक, म्हणजे भयाचा झटका, यात वाघ नसताना हीच योजना जागी होते. श्वास फार जलद घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो, म्हणून चक्कर व मुंग्या येतात. माणसास वाटते की हृदय बंद पडत आहे. मग भय वाढते, आणि भयाने धडधड आणखी वाढते. असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो व मग उतरू लागतो. झटका स्वतः प्राण घेत नाही.

एखादा झटका कोणासही येऊ शकतो. परंतु झटके वारंवार येऊ लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने मनुष्य बाजार, बस व उपासनाही टाळू लागला, तर तो आजार होय. दुसऱ्या प्रकारात झटका नसतो. पण महिनोन्‌महिने काळजी मन सोडीत नाही, झोप येत नाही, अंग दुखते. या दोहोंस औषधोपचार आहे.

येथे एक सावधगिरी. छातीत प्रथमच दुखले, अथवा कळ हातात वा जबड्यात गेली, तर "हे भय आहे" असे स्वतः ठरवू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी वा धाप लागली तर ती विषबाधा समजा व तत्काळ रुग्णालय गाठा. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नका. रक्तक्षय व थायरॉईड ग्रंथीचा विकार यांनीही धडधड होते, म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी करावी.

झटका आलेल्या मनुष्याभोवती गर्दी करू नये. एकाने शेजारी बसावे व शांतपणे म्हणावे, "हे थोड्या वेळात ओसरेल, मी येथेच आहे." त्याच्याबरोबर सावकाश श्वास घ्यावा, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. प्रार्थना अवश्य करावी, पण थोडक्यात व हळू स्वरात. बांधणे, मारणे वा धुरी देणे हे पाप आहे. आणि भूत काढण्याच्या नावाखाली असे छळणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

जे भय टाळावे ते वाढते. म्हणून ज्यास उपासनेत बसवत नाही त्यास दाराजवळ जागा द्या. प्रथम एका गीतापुरता, मग उपदेशापर्यंत, असा तो हळूहळू परत येईल. समुपदेशकही याच रीतीने भयास सामोरे जाण्यास शिकवितात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दारूने घटकाभर भय दबते, परंतु उतरताना ते दुप्पट होऊन येते.

शेतकऱ्यांच्या मनःस्वास्थ्याकरिता राज्य शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प आरंभिला; त्यात आपला जिल्हाही होता. २०२२ पासून टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते, व तेथे मराठीत बोलता येते. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्यास एकटे सोडू नका, घरातील कीटकनाशकाचा डबा दूर करा आणि त्याच घटकेस मदत मागा.

लूक हा वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबतीही होता. वैद्याकडे जाणे म्हणजे देवास सोडणे नव्हे. दूताने भाकर आणली तशी आपणही कोणाच्या तरी दारी नेऊ या.

विचाराकरिता प्रश्न

१. देवाने एलीयाला बोध करण्यापूर्वी काय काय दिले?
२. भयग्रस्त बंधूस "तुझा विश्वास कमी" असे म्हटल्याने काय हानी होते?
३. आपल्या मंडळीतून कोण उपासनेस येईनासे झाले आहे? या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?