पैसे खरेदीचे, हक्क भाडेकरूचा

विकत घेतलेली ई-पुस्तकं पुढे विकताही येत नाहीत आणि कुणाच्या नावावरही करता येत नाहीत, हे पैसे मोजून झाल्यावर कळलेल्यांपैकी मी एक. ग्राहकसेवेकडे दाद मागावी, तर 'अटींनुसार शक्य नाही' एवढं साचेबंद उत्तर येतं. मला राग आहे तो त्या उत्तराचा नाही, त्यामागच्या सोयीस्कर न्यायाचा. छापील पुस्तक वाचून झालं की अप्पा बळवंत चौकात विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. एकदा विकली गेलेली प्रत चलनात आलेली मानायची, हे आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे. (चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांबाबत हाच कायदा इतका उदार नाही, पण तो वेगळा विषय.) अमेरिकेत तर एका प्रकाशकाने कादंबरीतच छापलं होतं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटला विकली आणि १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. कागदावर छापलेली अट ग्राहकाला बांधत नाही, मग पडद्यावरची का बांधते?

यावर कंपन्यांचं उत्तर असं, की ई-पुस्तक जुनं होत नाही. वापरलेली प्रत नव्याइतकीच चांगली, मग नवी कोण घेणार आणि लेखकाला काय मिळणार? युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट खटल्यात जुन्या ई-पुस्तकांची विक्री नाकारताना हा मुद्दा मानला. लेखकाची काळजी मलाही पटते. पण सॉफ्टवेअर तरी कुठे झिजतं? तरीही २०१२ मध्ये याच न्यायालयाने यूज्डसॉफ्ट प्रकरणात डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना पुढे विकायला मुभा दिली. अट एकच, विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत निकामी करावी. अमेरिकेत रीडिजी या कंपनीने गाण्यांसाठी अशीच व्यवस्था उभारली होती. फाइल सर्व्हरवर जाताना नवी प्रत तयार होते, या कारणावरून २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. म्हणजे अडचण तंत्राची नाही. एका खात्यावर किती उपकरणं चालतात हे चोख मोजणाऱ्यांना मालक बदलल्याची नोंद ठेवता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील? दिलेलं परत घेताना हेच तंत्र मुकाट चालतं. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची पुस्तकं वाचकांच्या किंडलवरून काढून घेतली. हक्क नसलेल्याने ती विकायला ठेवली होती, हे कारण खरं आणि पैसेही परत मिळाले. पण विकलेलं छापील पुस्तक कोणता दुकानदार घरात शिरून उचलून नेतो?

'तुम्ही अटी मान्य केल्या होत्या' हा दुसरा आक्षेप. ज्या करारात एक स्वल्पविरामही बदलता येत नाही, त्याला संमती म्हणणं हा विनोद आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून, विक्रेत्याला काढून घेता येईल असा केवळ परवानाच देत असाल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे असा थेट नियम नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही तरतूद आहे, पण त्याची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. तिथवर किती जण जातील, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं.

तेव्हा अटी वाचा वगैरे आहेच. मुख्य म्हणजे पैसे भरण्याआधी फाइल कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाविना मिळते का ते पाहा, आणि मिळत असेल तर लगेच उतरवून स्वतःकडे ठेवा. खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पावती जपा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. कुलूपबंद ई-आवृत्ती छापील प्रतीच्या निम्म्याहून महाग असेल, तर ती घेऊ नका.