स्पीकर घेण्याआधी

चि. मृणाल,


रेडिओचे फोटो मिळाले. आपल्या मर्फीचा आवाज फाटतोय आणि दुकानदार म्हणतो, गाडीचा चाळीस वॉटचा स्पीकर टाका, घर दणाणेल. अजिबात दणाणणार नाही. पण ते पुढे सांगतो. आधी सांग, स्पीकरच गेलाय हे ठरवलं कुणी?

आवाज फाटला की आळ स्पीकरवर येतो. खरा चोर पुष्कळदा आउटपुट वॉल्व्हच्या ग्रिडवरचा कपलिंग कंडेन्सर असतो. तो गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, वॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि गाणं चिरकतं. नवा कंडेन्सर अगदी किरकोळ पैशात येतो. आधी तो बदल.

मग स्पीकर. प्लग काढ, फिल्टर कंडेन्सर रिकामे कर आणि स्पीकर बाहेर घे. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर टेकवून कोन अलगद आत दाब आणि कान जवळ ने. खर्र असं घासलं तर व्हॉइस कॉइल कललेली आहे किंवा गॅपमध्ये कचरा बसलाय. घासत नसेल, नुसता कागद चिरला असेल, तर बदलायचं नाव काढू नकोस. पतंगाचा पातळ कागद आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल, बस्स. जाड पट्टी लावलीस तर कोन जड होईल.

कॉइल तुटली असेल तर मात्र नवा बघावा लागेल. मूळ स्पीकर बहुधा ३ ओहमचा असेल. चांगली कॉइल मीटरवर त्याहून कमी दाखवते, साधारण अडीच. मोजताना एक वायर ट्रान्सफॉर्मरपासून सोडव, नाहीतर मीटर ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगच मोजेल आणि मेलेली कॉइल तुला जिवंत वाटेल. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडाही वजा कर. इतक्या कमी ओहमला तो फरक मोठा असतो.

आता त्या ओहमचं महत्त्व. तुझ्या सेटमधल्या ईएल ८४ या आउटपुट वॉल्व्हला समोर सुमारे ५,२०० ओहमचा भार लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ३ ओहमच्या स्पीकरला वॉल्व्हपुढे तेवढा करून उभा करतो. तिथे ८ ओहमचा लावलास की वॉल्व्हला तोच भार १४ हजारांच्या आसपास दिसतो. ताकद घटते, आवाज लवकर फाटतो. ३ चा मिळाला नाही तर ४ चा खुशाल लाव, ईएल ८४ तेवढं निभावून नेतो. ८ चाच गळ्यात पडला तर ट्रान्सफॉर्मरही बदलावा लागेल. फिलिप्सच्या काही सेटमध्ये तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नव्हता, स्पीकर थेट ८०० ओहमचे! तसला कधी हाती आला तर आधी मला फोन कर.

आणि ते चाळीस वॉट. तो आकडा स्पीकर किती सोसतो ते सांगतो, किती बोलतो ते नाही. तुझा वॉल्व्ह देतो जेमतेम चार-पाच वॉट. म्हणून पाहायची ती सेन्सिटिव्हिटी. ९२ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज ८६ वाल्यातून काढायला चौपट ताकद लागते, आणि ती आपल्याकडे नाही. गाडीचे स्पीकर बहुतेक असेच, जड कोन आणि रबरी कडेचे, दाराच्या पोकळीसाठी केलेले. रेडिओची पाठ उघडी असते. तिथे हलक्या कागदी कोनचा, कागदाचीच घट्ट कड असलेला स्पीकर शोभतो. जुन्या बाजारात मोडक्या रेडिओतून काढलेला मिळाला तर नव्यापेक्षा तोच घे, मात्र बोटांनी दाबून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

स्पीकरची खोलीही माप. नव्या फेराइट चुंबकाचा घेर मोठा, तो वॉल्व्हला टेकता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ सेटच्या स्पीकरला कायमच्या चुंबकाऐवजी फील्ड कॉइल असते आणि बहुधा सगळ्या रेडिओचा डीसी पुरवठा तिच्यातून जातो. ती काढून साधा स्पीकर लावला तर रेडिओ मुकाच राहील; तिच्या जागी तेवढ्याच ओहमचा, पुरेशा वॉटचा रेझिस्टर किंवा चोक लागतो. तुझ्या फोटोत कायमचं चुंबक दिसतंय, तेव्हा ही कटकट नाही.

स्पीकर सुटा असताना रेडिओ चालू करू नकोस. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग जळू शकतं. तो ट्रान्सफॉर्मर स्पीकरच्याच पाठीवर असेल तर त्याच्या प्रायमरीच्या वायरींवर अडीचशेच्या घरात व्होल्ट असतात, हात जपून.

कॉइलचं वाचन, भोकांमधलं अंतर आणि मागची खोली कळव. पुढच्या आठवड्यात तापकीर गल्लीत जाणार आहे, तेव्हा बघतो.

तुझा,
काका