कुंपण फुटतं ते खालून

महाड-पोलादपुरात कुंपण घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न उंचीचा निघतो. जाळी किती फुटी घेऊ, वर काटेरी तार किती पदरी ओढू? रानडुकरं, माकडं, चोर, सगळ्यांचा विचार होतो. घरचं कुत्रं बाहेर कुठून पडेल याचा होत नाही, आणि ते पडतं ते बहुतेक खालून.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना उताराला आमची दोन एकरांची आंबा-काजूची वाडी आहे. सिमेंटचे खांब, सहा फुटी चेनलिंक जाळी. राखणीला वाघ्या कुत्रा. (वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा रायगड आमच्या शेजारच्याच महाड तालुक्यात, त्यामुळे हे नाव इकडे घरोघर.) भाद्रपदातल्या एका रात्री तो ओहोळाकडच्या कोपऱ्यातून जाळीखालून निघून गेला. सापडला तो पलीकडच्या रानात, डुकरांसाठी लावलेल्या फासकीत. गाडीच्या क्लचची तार कमरेभोवती आवळली होती. जितका धडपडला तितकी ती रुतत गेली. केसांत तार दिसतही नव्हती, नुसती कमर मधेच बारीक झालेली. माझा हात लागल्यावर त्याने शेपटी हलवली. दवाखान्यात पोचेपर्यंत धुगधुगी होती, पण तो वाचला नाही.

नंतर मी त्या कोपऱ्यात बसून जागा नीट पाहिली. वाघ्याने उकरलेली माती ओंजळभरच होती. बाकीचं काम पाण्याने आधीच करून ठेवलं होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उतारावरून आलेला पालापाचोळा जाळीला अडतो, तो तुंबला की पाणी बुडाखालून वाट काढतं आणि लाल माती धुऊन नेतं. वर गवत माजलेलं असतं, म्हणून माणसाला फट दिसत नाही. कुत्र्याला ती वासावरून कळते. म्हणून मोठा पाऊस ओसरला की हातात काठी घेऊन जाळीच्या बुडाशी टोचत एक फेरी मारावी. जिथे काठी सहज आत जाते, तिथून कुत्रं जाणार हे धरून चालावं.

चर खणून जाळी खोल पुरा, असं बरेच जण सांगतात. सपाट जागेत ते ठीक आहे. आमच्या उतारावर त्या चराचाच पावसात ओहोळ होतो, आणि हातभर खाली कातळ लागला तर खणणंच थांबतं. पाण्याला वाट न ठेवता सिमेंटचा सलग कठडा घातला, तर तुंबलेलं पाणी खांबांसकट तो आडवा करू शकतं. पाण्याचा जोर काय असतो ते महाड-पोलादपूर या दोन्ही तालुक्यांनी जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाहिलं आहे.

आम्हाला उपयोगी पडली ती जमिनीवर आडवी अंथरलेली जाळी. जस्ताचा मुलामा असलेली वेल्डमेश घ्यावी, दोन-अडीच फूट रुंदीची पट्टी कापावी आणि कुंपणाच्या आतल्या बाजूने जमिनीवर सपाट पसरावी. तिची एक कड उभ्या जाळीला वीत-वीत अंतरावर बाइंडिंग तारेने आवळायची, दुसरी कड सळईचे आकडे ठोकून जमिनीत बसवायची. कापलेली टोकं खाली वळवा, नाहीतर पंजे फाटतात. कुत्रं कुंपणाला नाक लावून तिथेच उकरायला लागतं, दोन पावलं मागे येऊन उकरावं हे सहसा त्याला सुचत नाही. एका पावसाळ्यात गवत जाळीतून वर येतं आणि पट्टी जमिनीला धरून बसते. स्वस्त पडते म्हणून कोंबड्यांची षटकोनी जाळी वापरू नका. आमच्या पावसात ती गंजते आणि दातांनीही तुटते. सगळ्या वाडीला एकदम करणं खर्चिक वाटलं तर कोपरे आणि ओहोळाची बाजू आधी घ्यावी. फाटकाखाली मात्र सिमेंटचा उंबराच हवा.

बुडाशी दगड रचायचे असतील तर रचा, पण ते उचलताना खाली नुसता हात घालू नका. विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार जगापुढे ठेवणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बिरवाडी-महाडमध्येच उभं राहिलं, यावरून इथल्या दगडांखाली काय असतं ते समजून घ्यावं.

जाळीइतकंच महत्त्वाचं म्हणजे कुत्रं का उकरतं, ते बघणं. भाद्रपदात माजावरच्या कुत्रीचा वास त्याला लांबून येतो आणि मग ते कशालाच जुमानत नाही. नर असो वा मादी, डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्यावी. त्याने भटकण्याची ओढ बरीच कमी होते. चैत्र-वैशाखात ते गारव्यासाठी खड्डा करतं. आंब्याखाली ओल्या वाळूचा एक खड्डा त्याचा त्याला करून दिला की कुंपणाच्या सावलीत ते जात नाही. घुशीच्या बिळामागे लागलं असेल तर आधी घुशीचा बंदोबस्त करा. वळवाचा गडगडाट आणि गणपती-दिवाळीचे फटाके यांना घाबरून पळणारं कुत्रं तेवढा वेळ घरात, माणसांजवळ ठेवावं.

पळू नये म्हणून रात्रभर साखळीने उघड्यावर बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. बिबट्या कुत्र्यासाठी वस्तीत येतो, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते. रात्री दाराच्या पडवीत किंवा बंद खोपीत घ्या. कुंपणात घरची वीज सोडणं तर कोणी मनातही आणू नये. त्याने कुत्रं मरतं, गुराखी मरतो आणि तो गुन्हा आहे.

एवढं करूनही कुत्रं निसटू शकतं. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका आणि गळपट्ट्यावर फोन नंबर लिहा. शोधायला जाताना जाड फडकं आणि तार कापायची पक्कड सोबत घ्या. फासकीत सापडलं तर तार ओढू नका. वेदनेने घरचं कुत्रंही चावतं, म्हणून आधी डोक्यावर फडकं टाका, मग फासकी ज्या खुंट्याला बांधलेली असते त्या बाजूने तार कापा. मांसात रुतलेली तार डॉक्टरांनाच काढू द्या. तार लगेच सुटली आणि कुत्रं उठून चालायला लागलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण आवळल्या जागेचं मांस पुढच्या काही दिवसांत सडू लागतं आणि वरून ते दिसत नाही.