धुक्यापलीकडचे मुक्तेश्वर

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• प्रवासाचा बेत आखताना अंतर, वेळ आणि हवामान यांचा मेळ कसा घालावा, हे सांगू शकाल;
• धुके कसे निर्माण होते व ते वाहनचालकाला का घातक ठरते, हे स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल;
• दिलेल्या माहितीच्या आधारे प्रवासाचे लेखी नियोजन करू शकाल.

प्रस्तावना

डिसेंबर महिना उजाडला की दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या परिसरात हवा धुरकट होते. कित्येक दिवस सूर्याचे धड दर्शन होत नाही. अशा वेळी शाळांना सुट्टी लागली की अनेक कुटुंबांना डोंगरांची ओढ लागते. दिल्लीपासून एका दिवसाच्या अंतरावर असलेला उत्तराखंडातील कुमाऊंचा प्रदेश त्यासाठी सोयीचा आहे. अतिउंच हिमालयातील हिवाळ्यासारखा येथील हिवाळा कठोर नसतो. रात्री कडाक्याची थंडी असली, तरी दिवसा बहुधा स्वच्छ ऊन असते. आपल्या महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आहे. कुमाऊंतील भीमताल जवळजवळ तेवढ्याच उंचीवर वसले आहे, तर मुक्तेश्वर सुमारे २,२८० मीटर उंचीवर आहे.

मूळ पाठ

पूर्व दिल्लीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात अशी चार माणसे. आजीचे वडील पशुवैद्य होते. तरुणपणी त्यांनी मुक्तेश्वरच्या संस्थेत काही महिने प्रशिक्षण घेतले होते. तेथील थंडीच्या आणि समोर दिसणाऱ्या हिमशिखरांच्या गोष्टी ऐकतच आजी लहानाची मोठी झाली. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच तिची इच्छा होती.

मुक्तेश्वरचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. गुरांना होणाऱ्या बुळकांडी रोगाने एके काळी शेतकऱ्यांची दावणीची दावण रिकामी होत असे. गुरांच्या अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. रोगजंतूंवर काम करायचे, तर जागा थंड आणि वस्तीपासून दूर असणे इष्ट होते. म्हणून १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा मुक्तेश्वरला हलवण्यात आली. १८९७ मध्ये विख्यात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी तिला भेट दिली. हीच पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आली. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. त्या यशामागे अनेक देशांतील संशोधकांचे श्रम आहेत आणि त्यांत मुक्तेश्वरचाही वाटा आहे.

मुलाला चार दिवसांची रजा मिळाली. जोडून शनिवार-रविवार आल्यामुळे हाताशी सहा दिवस होते. त्याने उत्साहाने बेत आखला : शनिवारी पहाटे चारला निघायचे आणि नैनिताल, राणीखेत, कौसानी व मुक्तेश्वर ही चारही ठिकाणे पाहून गुरुवारी रात्री परतायचे. बेताचा कागद आजीने लक्षपूर्वक वाचला.

“अरे, सहा दिवसांत चार गावे! मग पाहायचे कधी? आणि वाटेत धुके पडले तर?”

“आई, पहाटे निघाले की रस्ता मोकळा मिळतो.”

“मोकळा असतो, की दिसत नाही म्हणून मोकळा वाटतो?”

आजीचा प्रश्न मार्मिक होता. हिवाळी प्रवासात लोकांना घाटाची धास्ती वाटते. परंतु दिल्लीहून जाणाऱ्याची पहिली कसोटी घाटाच्या कितीतरी आधी, सपाट मैदानातच लागते. हापूड, गढमुक्तेश्वर, मुरादाबाद, रामपूर, रुद्रपूर हा सारा मार्ग गंगेच्या मैदानातून जातो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या हवामान-विक्षोभांमुळे येथे पाऊस पडतो व जमीन ओलावते. नंतर आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, की रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतच्या हवेतील बाष्पाचे सूक्ष्म जलकण होतात. हेच धुके होय. ते सहसा उत्तररात्री आणि सकाळी दाट असते. ऊन चढू लागले की विरळ होते.

ज्या धुक्यात ५० मीटरपलीकडचे दिसत नाही, त्याला हवामानशास्त्रात अतिदाट धुके म्हणतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर कापते. म्हणजे ५० मीटर अंतर संपायला अवघे तीन सेकंद लागतात. पुढे बंद पडलेला ट्रक दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि वाहन थांबणे, हे सारे तेवढ्यात घडावे लागते. दिव्यांचा प्रखर झोत टाकावा, तर तो जलकणांवरून परावर्तित होऊन चालकाचेच डोळे दिपवतो. म्हणून धुक्यात दिव्यांचा झोत खाली ठेवावा, वेग कमी करावा आणि पुढील वाहनापासून अंतर राखावे. मात्र धुके ओसरेपर्यंत न निघणे, हा सर्वांत उत्तम उपाय होय.

दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे उजेड. डिसेंबरच्या अखेरीस दिल्लीत सूर्य सकाळी सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी साडेपाचला मावळतो. दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा. दिल्ली ते मुक्तेश्वर अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर असून शेवटचा टप्पा घाटाचा आहे. उशिरा निघून हे सारे अंतर एकाच दिवसात गाठायचे, तर घाट अंधारात चढावा लागणार, हे उघड होते.

मग आई आणि मुलाने मिळून नवा बेत लिहिला. तीन ठिकाणे वगळली. मुक्तेश्वर तेवढे ठेवले. पहिल्या दिवशी सकाळी नऊला निघून डोंगराच्या पायथ्याशी, काठगोदामला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर घाट. दोन दिवस विश्रांती. पाचव्या दिवशी परतीचा प्रवास आणि सहावा दिवस राखीव. शिवाय दोन अटी लिहिल्या : सकाळी अकरापर्यंत धुके न ओसरल्यास प्रवास एक दिवस पुढे ढकलायचा, परतताना मुरादाबादला दुपारी तीनपर्यंत न पोचल्यास तेथेच राहायचे. गरज पडली तर एक दिवस अधिक रजा मिळेल का, हे मुलाने कार्यालयात आधीच विचारून ठेवले. सुनेने आजीची औषधे, गरम कपडे, पाणी व खाण्याचे पदार्थ यांची यादी केली आणि आपत्कालीन सेवेचा ११२ व राष्ट्रीय महामार्ग साहाय्याचा १०३३ हे क्रमांक कागदावर टिपून ठेवले.

शनिवारी अकरा वाजले, तरी समोरची इमारत दिसेना. सामान गाडीत भरून झाले होते. नात हिरमुसली, मुलगाही पुन्हा पुन्हा खिडकीशी जाऊ लागला. “थोडे पुढे जाऊन तर पाहू,” तो म्हणाला. आजीने काही न बोलता बेताचा कागद त्याच्यापुढे धरला. राखीव दिवस असा आरंभीच उपयोगी पडला.

रविवारी नऊपर्यंत धुके विरळ झाले. दिवेलागणीपूर्वी मंडळी काठगोदामला पोचली. सोमवारी सकाळी घाट लागला. तेथे सावलीतल्या वळणांवर पडलेल्या दहिवराने रस्ता निसरडा होतो. कुमाऊंत त्याला ‘पाला’ म्हणतात. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी आणि उतरताना केवळ ब्रेकवर विसंबून न राहता खालचा गिअर वापरावा, हे घाटाचे नियम. भीमताल मागे पडले. भोवाली ओलांडल्यावर नातीने मागे वळून पाहिले. मैदानावर पांढरा थर पसरला होता आणि डोंगरावर लख्ख ऊन होते. थंड, जड हवा खाली साचते. म्हणून कधी कधी मैदानापेक्षा डोंगरावरची दुपारच अधिक उबदार असते.

मुक्तेश्वरला पोचल्यावर आजी बराच वेळ उन्हात उभी राहिली. समोर त्रिशूल होते, ७,८१६ मीटर उंचीचे नंदादेवी होते. “बाबा म्हणायचे तसेच आहे,” एवढेच ती बोलली.

चार गावांच्या बेतात या क्षणाला जागा नव्हती. किती ठिकाणे पाहिली यावर प्रवासाचे मोल ठरत नाही. चांगल्या बेतात निघण्याची वेळ असते, तशी थांबण्याचीही वेळ लिहिलेली असते.

पाठगत प्रश्न

१. पुण्यातील प्रयोगशाळा मुक्तेश्वरला का हलवण्यात आली?
२. ‘मोकळा असतो, की दिसत नाही म्हणून मोकळा वाटतो?’ या वाक्यातून आजीला काय सुचवायचे आहे?
३. राखीव दिवसाचा कुटुंबाला कोणता उपयोग झाला?

स्वाध्याय

१. मुलाचा पहिला बेत आणि नंतरचा बेत यांची तुलना आठ ते दहा ओळींत करा.
२. ताशी ३६ किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात किती मीटर जाईल, ते काढा. त्यावरून धुक्यात वेग कमी ठेवण्याचे महत्त्व स्पष्ट करा.
३. तुमच्या गावाहून जवळच्या एखाद्या डोंगराळ ठिकाणी जाण्याचा तीन दिवसांचा बेत लिहा. त्यात थांबण्याच्या किमान दोन अटी नमूद करा.