लहान मुलांच्या घरी कुत्र्याचे पिलू आणावे काय?

शेतावर वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबास राखणीसाठी कुत्रे हवे असते, आणि घरात लहान मुले असली म्हणजे पिलाचा हट्ट बहुधा तीच धरतात. गावात एखादी कुत्री व्याली की कोणाचीही फारशी चौकशी न होता पिलू घरी येते. पुढील दहा-बारा वर्षे त्याचे पालनपोषण करावयाचे आहे, हा विचार मागाहून सुचतो. तो आधीच व्हावा, यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कुटुंबासमोर मांडाव्यात.

पिलाचे कोण करणार, हे प्रथम ठरले पाहिजे. दोन महिन्यांच्या पिलास दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खावयास द्यावे लागते, त्याची घाण काढावी लागते व दवाखान्यात न्यावे लागते. आठ वर्षांच्या मुलाने कितीही वचने दिली तरी हे काम त्याच्या हातून नियमित होत नाही. पेरणी-सुगीच्या दिवसांत मोठी माणसे रानात असतात, आणि अखेरीस सारा भार घरातील स्त्रीवर पडतो. तेव्हा तिचा होकार सर्वांआधी घेणे न्यायाचे होय. तिने नकार दिला तर विषय तेथेच संपवावा.

दुसरी गोष्ट धाकट्या मुलाच्या वयाची. बहुतेक पिलांना गोल जंत जन्मापूर्वीच आईकडून मिळतात. दुधावाटेही ते पिलाच्या पोटात जातात. जंतांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात. ताज्या विष्ठेतील अंडी रोगकारक नसतात. दोन ते चार आठवड्यांनी ती तशी होतात आणि मातीत कित्येक महिने टिकतात. रांगणारे मूल मातीचे हात तोंडात घालते. जंतांच्या अळ्या त्याच्या यकृतात व फुप्फुसांत फिरतात, क्वचित डोळ्यात शिरून दृष्टीस कायमची इजा करतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी. पिलास दुसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध द्यावे, त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देत राहावे. एवढे जमणार नसेल, तर धाकटे मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे. शेळी-मेंढी कापल्यावर टाकून दिलेले काळीज व फुप्फुस कुत्र्यास घालण्याची चाल मात्र मुलांचे वय काहीही असले तरी सोडलीच पाहिजे. त्यातून कुत्र्यास लागणारे फीतकृमी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी निर्माण करतात.

तिसरी व सर्वांत गंभीर गोष्ट रेबीजची. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. पिलू लहान आहे म्हणून त्यास रेबीज होत नाही, ही समजूत चुकीची आहे. प्रतिबंधक लस तिसऱ्या महिन्यात दिली जाते व पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे, सामान्यतः दरवर्षी, पुन्हा द्यावी लागते. दोन महिन्यांचे पिलू आणल्यास मधला एक महिना ते असुरक्षित असते. त्या काळात त्यास भटक्या कुत्र्यांत मिसळू देऊ नये. मारतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात, तेव्हा असे काही झाल्यास लगेच सांगावे, रागावणार नाही, हे त्यांच्या मनावर आधीच बिंबवावे. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काहीही लावू नये. मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यावयाच्या इम्युनोग्लोब्युलिनविषयी विचारावे. त्वचेत द्यावयाची लस पहिल्या दिवशी आणि पुढे ३ऱ्या, ७व्या व २८व्या दिवशी देतात. पोटातील चौदा सुयांचे भय आता बाळगण्याचे कारण नाही. ती जुनी लस बंद होऊन बरीच वर्षे झाली.

जुन्नर, अकोले यांसारख्या उसाच्या टापूत आणखी एक प्रश्न उभा राहतो. विद्या अथ्रेया व सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. शेळ्यांचा वाटा त्याहून पुष्कळच कमी होता. रात्री ओसरीवर मोकळे बांधलेले कुत्रे बिबट्यास दारापर्यंत आणू शकते, आणि त्याच ओसरीवर मुले झोपत असतात. अशा टापूत राखणीचे कुत्रे ठेवावयाचे तर चारी बाजूंनी व वरून मजबूत जाळीने बंद असलेला निवारा आधी उभारावा, पिलू त्यानंतर आणावे. मुलांनी आत झोपावे. निवाऱ्याच्या खर्चाची तयारी नसेल तर राखणीचा हिशेब तोट्याचा ठरतो.

इतके होऊन निर्णय अनुकूल झाला, तर आठ आठवड्यांच्या आतील पिलू आईपासून तोडू नये. खाताना व झोपेत त्यास न छेडण्याचा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा, आणि पाच वर्षांखालील मुलास पिलाजवळ एकटे सोडू नये. उंदरांचे विष व फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत; द्राक्षे व बेदाणेही पिलास घालू नयेत, त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मादी पिलू लोक नाकारतात, परंतु योग्य वेळी निर्बीजीकरण केल्यास तीही राखण उत्तम करते. ते न केल्यास सहा महिने ते वर्षाच्या सुमारास ती माजावर येते, सुमारे ६३ दिवसांनी विते, आणि लस न मिळालेली आणखी पाच-सहा पिले गावातील दुसऱ्या मुलांच्या हाती जातात.